दुपारी तीनपर्यंत हरकत नसल्यास

"कझाकस्तान आधी, की केनिया?"

प्रश्न इंग्रजीत होता आणि टेबलाखालून आला होता. मी दचकून दोन पावलं मागे सरले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मी एकटीच आहे असं मला वाटत होतं.

"कझाकस्तान," मी टेबलाला सांगितलं. "ए आधी, मग ई."

"थँक यू!" म्हणत तो उठायला गेला आणि टेबलाची कड खाडकन त्याच्या डोक्यात बसली.

"आई गं...!"

बेंगळूरमध्ये माणूस ऑफिसात इंग्रजी बोलतो, रिक्षात कन्नड, कँटीनमध्ये हिंदी. पण डोक्याला लागलं की घरची भाषा बाहेर येते. मला हसूच आलं. तो डोकं चोळत बाहेर आला. एका हातात वायरींचं भेंडोळं होतं, दुसऱ्या हातात चिमुकले झेंडे.

"लागलं ना मला, आणि तुम्ही हसून राहिल्या?" तो चक्क मराठीत म्हणाला.

"लागलं म्हणून नाही हसले. 'आई गं' म्हणालात म्हणून हसले."

"मी शुभंकर. नागपूर."

"अश्लेषा. निपाणी."

त्यानं केनियाचा झेंडा माझ्या हातात दिला. "मग घ्या, लावा. निपाणीचा हात लागू दे."

तो झेंडा मी किती हौसेनं लावला होता! पुढं काय होणार हे माहीत असतं तर टेबलाखालीच टाकून दिला असता.

तर हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते. नोव्हेंबरात तेवीस देशांचे खासदार-आमदार चार दिवस बेंगळूरला जमणार होते. विषय होता इंटरनेट. ते कुणी बंद करावं, कधी करावं, मुलांची माहिती कंपन्यांनी किती साठवावी, असले प्रश्न. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून एक निवेदन काढायचं होतं. शुभंकर आयोजकांच्या ऑफिसात होता. मी कोरमंगलातल्या एका छोट्या अभ्याससंस्थेत नोकरीला. कोण काय बोललं याच्या नोंदी ठेवायला मला तिथं पाठवलं होतं.

पाहुणे यायला दीड महिना होता. त्या दीड महिन्यात आम्ही रोज संध्याकाळी एक कॉफी 'बाय-टू' करून प्यायचो. एकाच कॉफीचे दोन छोटे पेले, आणि तो हळूच त्याच्यातली थोडी माझ्या पेल्यात ओतायचा. मी बघितलं न बघितल्यासारखं करायची. 'तुम्ही'चं 'तू' तिथंच झालं, कुणी आधी केलं ते आठवत नाही. आमच्या निपाणीकडे मुलीही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. एकदा घाईत मी म्हणाले, "थांब, मी आलो." तर हा मागे वळून बघायला लागला.

"कोण आला?"

"मीच की!"

"अच्छा... मला वाटलं, तुझा कोणी मित्र-बित्र."

"असता तर?"

तो पेल्यात बघत बसला. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता आणि मला घरी जायची अजिबात घाई नव्हती... पण त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दीड महिना असाच गेला.

आणि मग वांजिरू आली.

केनियाच्या संसदेतली खासदार. वय चौतीस, उंच, बारीक वेण्यांचा डोक्यावर बांधलेला अंबाडा, आणि हसणं असं की तीन टेबलांपलीकडचा माणूस मान वळवून बघणार. शुभंकरकडे तिच्या शिष्टमंडळाची जबाबदारी दिली होती. विमानतळावरून तिला घेऊन आला तेव्हा दोघंही हसत हसत गाडीतून उतरले. आणि ती त्याला 'शुभ' म्हणाली.

शुभ! मी दीड महिना त्याचं नाव अख्खं घेत होते. एक अक्षर कमी करायची माझी हिंमत झाली नव्हती. हिनं विमानतळ ते हॉटेल एवढ्या वेळात निम्मं करून टाकलं.

त्या दिवशी जेवताना कळलं की तिकडेही चपातीला चपातीच म्हणतात आणि चहाला चाय. झालं, शुभंकरला केवढा आनंद! आत स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासाठी तव्यावरची गरम चपाती घेऊन आला. मी रांगेत गार पुलाव घेऊन उभी होते.

"तू का नाही घेतली चपाती?" येता येता त्यानं विचारलं.

"मला कुणी आणून देत नाही ना."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. जा, गार होईल तिची."

तो गेला! खरंच गेला! या माणसाला 'जा' म्हटलं की जातो.

दुसऱ्या दिवशी निवेदनातल्या सातव्या परिच्छेदावर चर्चा होती. दंगल झाली, परीक्षा आली की सरकार इंटरनेट बंद करतं. अशा वेळी निदान दवाखान्यांचं आणि रेशनच्या दुकानांचं इंटरनेट तरी चालू ठेवावं का, एवढाच मुद्दा. काही देश अडून बसले होते. वांजिरू उठली. तिच्या मतदारसंघातल्या भाजीवाल्या बायका सगळा व्यवहार फोनवर करतात, म्हणाली. दोन दिवस इंटरनेट गेलं तेव्हा त्यांच्या टोपल्यांत टोमॅटो सडले आणि एका बाईला बाळंतपणासाठी गाडी बोलवता आली नाही. मग ती हसली आणि म्हणाली, "सगळं नको. पण स्वल्प इंटरनेट तरी चालू ठेवा!"

'स्वल्प' म्हणजे कन्नडमध्ये थोडंसं. सकाळी रिक्षावाल्याकडून शिकली होती. आमच्याकडच्या आमदारांनी बाकं वाजवली, हॉलभर हशा. मी नोंदवहीत लिहिलं: 'केनिया – पाठिंबा.' एवढंच. बाकीचं माझ्यानं लिहवेना. ती नुसती देखणी असती तर परवडलं असतं हो, पण ती हुशारही होती.

दुपारी शुभंकर तिला साडी घ्यायला चिकपेटला घेऊन गेला. माझा दीड महिन्याचा हट्ट होता चिकपेटला जायचा. "गर्दीत जीव घुसमटतो माझा," म्हणून टाळत आला होता. आज त्याचा जीव कसा मोकळा झाला कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांसाठी गाण्याचा कार्यक्रम होता. वांजिरू साडीचं पाकीट घेऊन थेट माझ्याकडेच आली. "तू नेसवशील ना मला? शुभ म्हणाला, अश्लेषासारखी साडी कुणी नेसवत नाही."

याला काय माहीत मी साडी कशी नेसवते? मी पाकीट उघडलं. आत मोरपंखी रंगाचं रेशीम. माझा रंग! तीनदा तरी मी त्याला सांगितलं असेल की मला मोरपंखी आवडतो.

"रंग कुणी निवडला?" मी निऱ्या घालत विचारलं. आवाज शक्य तेवढा गोड ठेवला.

"शुभनं. दुकानात गेल्या गेल्या बोट ठेवलं यावर. दुसरं काही बघितलंच नाही."

माझ्या हातात सेफ्टी पिन होती आणि तिचा खांदा अगदी जवळ होता. देवाशप्पथ सांगते, मी पिन नीटच लावली. पण मनात जे आलं ते आलं.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी शुभंकर मला जिन्यापाशी भेटला.

"छान नेसवलीस गं साडी! ती काय दिसून राहिली..."

"मग बघत बस ना."

"अश्लेषा, झालं काय तुला? चार शब्द धड बोलत नाहीस."

"बोलायला तू असतोस कुठं? चिकपेटमध्ये. आता आयुष्यभर तिलाच चपात्या वाढ की. मला काय विचारतोस?"

त्याचा चेहरा एकदम उतरला. काहीतरी सांगायला आला असावा. "बरं," एवढंच म्हणून वळला आणि गेला. मी कार्यक्रमाला थांबले नाही.

एचएसआर लेआउटला घरी पोचले आणि त्याची मेल आली. ती समजायला एक नियम सांगायला हवा. असल्या परिषदांत मसुदा सगळ्यांना पाठवतात आणि एक वेळ ठरवून देतात. त्या वेळेपर्यंत ज्याला हरकत असेल त्यानं लेखी कळवायचं. कुणीच काही बोललं नाही तर सगळ्यांना मान्य आहे असं धरायचं. मौन म्हणजे मंजुरी. आमचं निवेदनही शुभंकरनं त्या संध्याकाळी सगळ्या देशांना तसंच पाठवलं होतं. मुदत उद्या दुपारी तीन. त्याच साच्यात त्यानं मला लिहिलं होतं:

'मसुदा: खासदारांच्या या गटाचं कायमचं ऑफिस नैरोबीला उघडत आहे. वांजिरू यांनी तिथं दोन वर्षांसाठी शुभंकरचं नाव सुचवलं आहे. शुभंकरनं जावं. उद्या दुपारी तीनपर्यंत हरकत न आल्यास संमती समजण्यात येईल.'

मी ती चारदा वाचली. दोन वर्षं! तिच्याबरोबर! आणि वर मला नियम दाखवतोय? माझ्या डोक्यात तिडीक गेली. फोन पालथा घातला आणि ठरवलं, एक शब्द बोलायचा नाही. आता याच्याशी अबोला.

आमच्या घरी अबोला म्हणजे काय ते आईला, बाबांना, धाकट्या भावालासुद्धा कळतं. आई बोलायची बंद झाली की बाबा निमूटपणे विचारतात, काय चुकलं. अबोला म्हणजे 'मला हरकत आहे, ये आणि समजूत काढ.' शुभंकरलाही हे कळायला नको का?

सकाळी घरमालकीण रत्नाबाईंनी माझं तोंड बघितलं. त्यांच्या तीन पिढ्या बेंगळूरला गेल्या, मराठीत अर्धं कन्नड मिसळलेलं.

"काय गं मुली, तोंड असं का फुगलंय? इडली घे, स्वल्प सांबार घे."

मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या चमचा हातात धरून ऐकत राहिल्या.

"मग तू काय लिहिलंस त्याला?"

"काहीच नाही. बोलणारच नाही मी त्याच्याशी. कळू दे त्याला."

"अय्यो! अगं, लग्न नवीन असताना मी आमच्या ह्यांच्याशी अकरा दिवस बोलले नव्हते. बाराव्या दिवशी ह्यांनी घशाचं औषध आणून दिलं. ह्यांना वाटलं, माझा घसा बसलाय!"

"शुभंकर तसा नाहीये, अक्का."

"सगळे तसेच असतात. सरी, बरं, खाऊन घे आधी."

मी हसले नाही. हॉलमध्ये पोचले, माझ्या जागेवर बसले आणि दाराकडे बघायचं नाही असं ठरवून सारखी दाराकडेच बघत राहिले. शुभंकर दारापाशीच हरकती घ्यायच्या टेबलाशी बसला होता. डोळे सुजल्यासारखे दिसत होते. एकदा आमची नजरानजर झाली. मी मान फिरवली. पुन्हा बघितलं तेव्हा तो फोनकडे बघत होता.

अडीच वाजता आमचे सूर्यकांत सर व्यासपीठावर आले. परिषदेचं सगळं तेच बघत होते. "अर्धा तास राहिला," ते म्हणाले. "अजून एकही हरकत आलेली नाही. अश्लेषा, नोंद करून ठेव."

मी पेन उचललं आणि सवयीनं लिहिलं: 'कोणीही काही बोलले नाही. म्हणजे सर्वांना मान्य आहे.'

माझ्याच अक्षरात होतं ते. अगं बाई... हा तिथं बसून माझ्या गप्प बसण्याचा हाच अर्थ लावत असणार! आठ वर्षं याच कामात आहे तो. त्याच्यासाठी गप्प बसणं म्हणजे हो. मी रुसले होते, आणि याच्या हिशेबी मी त्याला नैरोबीला जायची परवानगी देऊन मोकळी झाले होते. आता तीन वाजता तो तिला होकार देणार, ती संध्याकाळच्या विमानानं जाणार आणि महिन्याभरात हाही जाणार. मी मात्र तोंड फुगवून बसलेलीच राहणार.

हरकतीचा फॉर्म गुलाबी कागदावर असतो. नुसतं 'नाही' म्हणून चालत नाही. कारण द्यावं लागतं आणि पर्यायी मजकूरही सुचवावा लागतो, नाहीतर हरकत घेतच नाहीत. मी एक फॉर्म ओढला. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या. मग म्हटलं, जाऊ दे, जे आहे ते लिहायचं. पावणेतीन झाले होते. सगळ्या हॉलच्या देखत मी टेबलापर्यंत चालत गेले.

"कोणत्या देशाकडून?" त्यानं मान वर न करता इंग्रजीत विचारलं.

"निपाणी."

त्यानं एकदम वर बघितलं. मी कागद पुढं सरकवला. तो वाचायला लागला आणि मी टेबलाची कड धरून उभी राहिले.

'हरकत: संपूर्ण मसुद्याला. कारण: मला तू आवडतोस. वांजिरूचा मला भयंकर हेवा वाटतो. तिला साडी नेसवतानाही वाटत होता. मी गप्प बसले ती संमती नव्हती, राग होता. पर्यायी मजकूर: दोन वर्षांऐवजी सहा महिने. आणि जाण्याआधी शुभंकरनं अश्लेषाला समोर उभं राहून सरळ विचारावं. मेल करू नये.'

त्याचे कान लाल झाले. त्यानं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"तू... चिडली होतीस?"

"मग काय खूश होते? असली मेल कुणी पाठवतं?"

"समोर विचारायची हिंमत नव्हती ना. काल जिन्यापाशी सांगायलाच आलो होतो. तू म्हणालीस, आयुष्यभर तिला चपात्या वाढ. म्हटलं, मेल पाठवावी, ही चिडेल, दोन शिव्या तरी घालेल... काहीच आलं नाही. सकाळपासून फोन बघून राहिलो. मग वाटलं, हिला काही फरकच पडत नाही."

"फरक पडत नाही? आणि ती साडी? माझा रंग तिला दिलास!"

"मला साड्यांतलं काय कळतं, अश्लेषा?" तो अगदी काकुळतीला आला. "दुकानदारानं ढीग टाकला पुढ्यात. मला त्यात एकच रंग ओळखीचा दिसला. तुझ्या ओढणीचा. दुसरीकडे नजर गेलीच नाही."

कालपासून ज्या गोष्टीवर मी जळत होते, ती अशी होती तर...

"तीनला बारा मिनिटं आहेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "पर्यायी मजकुरातलं शेवटचं वाक्य वाच."

तो खुर्ची सरकवून उठला. टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"इथं राहिलो तरी आणि तिकडे गेलो तरी... मला तू हवी आहेस. मी चालेन तुला?"

"चालशील," मी म्हणाले. "कधीपासून चालतोयस. पण तिला काय सांगणार?"

"चल, दोघं जाऊन सांगू."

वांजिरू खिडकीपाशी कागद आवरत होती. शुभंकरनं तिला इंग्रजीत सांगितलं, सहा महिन्यांपेक्षा जास्त जमणार नाही. कारण काय, तिनं विचारलं. त्यानं गुलाबी कागद पुढं केला. मराठी तिला वाचता येणार नव्हतंच, पण तिनं कागद उलटा-सुलटा करत माझं नाव शोधल्यासारखं केलं आणि मग माझ्याकडे बघून तेच हॉलभर ऐकू जाणारं हसू हसली.

"मला तो सहा महिनेच हवा होता," ती म्हणाली. "पण पहिल्या मसुद्यात आम्ही राजकारणी माणसं नेहमी जास्त मागतो. मग खाली यायला जागा राहते." आणि तिनं शुभंकरला मिठी मारली. "अभिनंदन, शुभ!"

मिठी जरा लांबलीच. मी मनातल्या मनात पाचपर्यंत मोजलं. खोटं कशाला बोलू, तेव्हाही जळलंच मला.

तीन वाजले. सूर्यकांत सरांनी माईक हातात घेतला आणि विचारलं, कुणाची हरकत? सातव्या परिच्छेदासाठी सगळे श्वास धरून बसले होते. जे देश अडले होते ते एकमेकांकडे बघत राहिले, पण कुणाचाही हात वर झाला नाही. दवाखान्यांचं आणि रेशनच्या दुकानांचं इंटरनेट चालू राहणार, तेवीस देशांना मान्य. "मंजूर!" सर म्हणाले आणि अख्खा हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला.

सर व्यासपीठावरून माझ्याकडे बघून खुणावत होते, नोंद कर, नोंद कर. मला नोंद करता येईना आणि टाळ्याही वाजवता येईनात. माझा उजवा हात शुभंकरनं धरला होता आणि तो सोडवून घ्यायचा माझा मुळीच विचार नव्हता. समोरून वांजिरू बघत होती. म्हटलं, बघू दे.